लहरा कोणाच्या मागे जातो

संपादकबाई म्हणाल्या, "मास्तर, या वर्षी दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, बाई, चौथीत गुरुजींशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, पण वाक्याला हात लावायचा नाही. त्यांनी कबूल केलं म्हणून लिहितो. नाहीतरी यंदा माझ्यासोबत जे झालं त्याने मी असा हादरलोय की सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि घरातल्यांना सांगून झालंय.

माझं काम लहरा धरण्याचं. लोकांना हे काम पता नसतं. तबलावाला एकटा वाजवतो किंवा कथकवाली नाचते, तेव्हा बाजूला एक माणूस पेटी घेऊन बसलेला असतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत असतो. तीच ती. तासभर. बघणाऱ्याला वाटतं याला दुसरं काही येत नाही. पण ती ओळ म्हणजे सोळा मात्रांचं रिंगण असतं. नाचणारी आणि तबलावाला त्या रिंगणात वाटेल तशा उड्या मारतात, आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, तिघं एकत्र येतात. ते दोघं उडू शकतात, कारण आम्ही जागचे हलत नाही. लहरेवाला लोकांना दिसायला लागला की समजायचं काम बिघडलं. आमचे मूळपुरुष दख्खनेतून घोड्यावर बसून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, मी सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून सगळं लश्कर, म्हणजे शिंद्यांनी वसवलेलं आमचं हे शहर, पालथं घातलं. पण मान दोघांचीही ताठच.

गिऱ्हाईकं एकेक नमुना भेटली. इंदरगंजमधले एक कापडवाले शेठ हौसेने तबला शिकत. दुपारी दुकानाच्या वरच्या खोलीत मला बसवायचे. तुकडा वाजवायचे आणि सम हमखास चुकवायचे. कधी अलीकडे, कधी पलीकडे. मग मोठ्या प्रेमाने म्हणायचे, "मास्टरजी, आप सम थोड़ी सी सरका दो ना." जसं काही मी थानातून कापड मोजून देतोय! मी नाही सरकवली. त्यांनी मला बदललं, दुसरा लहरेवाला आणला. तो सरकवायचा. शेठ अजून त्याचंच नाव घेतात, की काय वाजवतो! असू दे.

माझी खरी जोडी कन्हैयाची. कन्हैयालाल तबल्यावर, मी पेटीवर, चाळीस वर्षं. तो मला 'मराठे' म्हणतो, मी त्याला 'पंडत'. दोघंही निशाताईंच्या नृत्याच्या क्लासला वाजवतो, गोरखी वाड्याच्या मागे. लय वाढवायची वेळ आली की कन्हैया मान उचलून एकदा माझ्याकडे बघतो. बस. तो हुकूम, आणि मी त्याच्या मागे. लहरेवाला मागे जातो, पुढे पळत नाही, हा या धंद्याचा धर्म. पुढे पळणाऱ्या किती पोरांना मी पेटीवरून उठवलंय, शिव्या घालून.

आता यंदाचं सांगतो.

माझं एक बोट आखडायला लागलं. उजव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. वाकलं की वाकलेलंच राहतं, दुसऱ्या हाताने सोडवावं लागतं. सोडवताना टक् आवाज येतो. संथ लयीत भागून जातं, पण द्रुत लयीत, म्हणजे लय जोरात वाढली की, बोट पट्टीवर अडकतं आणि रिंगणाला भगदाड पडतं. कंपू भागातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "आराम द्या." मी म्हटलं, बोटाला देऊ की मला?

त्यातच निशाताईंनी ठरवलं की क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात या वेळी त्या स्वतः नाचणार, बऱ्याच वर्षांनी. पहिल्याच तालमीत द्रुतमध्ये माझं बोट अडकलं आणि त्यांचा पाय हवेत राहिला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घाम पुसत म्हणाल्या, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. नाहीच जमलं तर मी रेकॉर्डिंग लावीन. हल्ली सगळेच लावतात."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. या धंद्यात एकदा सतरंजीवरची जागा गेली की गेली, परत कोणी बोलावत नाही. म्हणजे कन्हैयाच्या शेजारी मी बसणार की डबा बसणार, एवढाच सवाल उरला होता.

तेव्हा मध्ये पडली मृणाल, निशाताईंची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम इथे घरी बसून करते. तबलाही वाजवते, बरा वाजवते. ती म्हणाली, "काका, रेकॉर्डिंग नको. तुम्ही संथ लयीत स्टेजवर स्वतः वाजवा. तुमचंच एक आवर्तन, एक पूर्ण फेरी, मी तिथल्या तिथे पकडीन, लूप करीन, और फिर द्रुत में वही चलता रहेगा. तुमचाच हात, तुमचीच पेटी."

तिच्याकडे संगीताचं एक सॉफ्टवेअर आहे, बाहेरच्या देशातलं. त्याला घड्याळाची लय कळते. एकदा ठरली की ठरली, समोरचा माणूस मरो की जगो. म्हणून मृणाल त्याला स्वतः एक जोड शिवत होती. शिवत होती असं मी म्हणतो. तयार सदऱ्याला आपल्या सोयीचा खिसा शिवतात ना, तसं. त्या जोडीने सॉफ्टवेअरला सम कळणार होती, आणि समोरच्या तबल्याबरोबर लय कमीजास्त करता येणार होती.

मी म्हटलं, "लय वाढवली की आवाज चिमणीसारखा होणार. टेपरेकॉर्डर पळवून आम्ही बघितलाय."

तिने माझा एक तुकडा लावला आणि लय वाढवली. सूर जागच्या जागी! काळी दोन ती काळी दोनच, आणि ओळ दुप्पट पळतेय. मी उठून त्या कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघितलं. काय बघायला गेलो होतो, देवाला ठाऊक.

"मागे कोणी नाहीये, काका," मृणाल म्हणाली.

मग ती म्हणाली, एक आवर्तन वाजवा. फक्त एक. मी वाजवलं. ऐटीत समेवर येऊन थांबलो. तिने ते फिरवलं, आणि काय सांगू, लहरा लंगडायला लागला! प्रत्येक फेरीला एक पाय जास्तीचा. कन्हैयाने ठेका धरून बघितला, दोन फेऱ्यांत सोडून दिला.

मी भडकलो. "तुझं यंत्र वाकडं आहे."

मृणालने शांतपणे बोटांवर मोजून दाखवलं. "काका, सतरा वाजवल्यात तुम्ही."

"तीनतालात सतरा? मी?"

पुन्हा वाजवलं. सतरा! पुन्हा. सतरा!  जन्म सोळात काढला आणि हातातून सतरा निघतायत? कन्हैया हसायला लागला तर मी म्हटलं, तू वाजव. त्याने एक आवर्तन ठेका वाजवला, शेवटी समेवर 'धा' दणकून टाकला. तोही सतरावर. हसणं बंद.

भानगड अशी की आम्हा लोकांचं आवर्तन समेवर पोचल्याशिवाय संपतच नाही. ती सम पुढच्या फेरीची पहिली मात्रा असते, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. मृणाल म्हणाली, सोळावर थांबा. मी मन घट्ट करून सोळावर थांबलो, तर हात आपोआप जाऊन समेची पट्टी दाबून आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय अधांतरी धरून उभं राहायला सांगितल्यासारखं ते. शेवटी तिनेच कॉम्प्युटरमध्ये ती सम कापली. कापताना मी दुसरीकडे बघितलं.

मग तिने विचारलं, "आता सांगा, लय वाढते तेव्हा कोण कोणाच्या मागे जातं? मला जोडीत तसं लिहायचंय."

"तबल्याच्या मागे लहरा," मी म्हटलं. "डोळे मिटून लिही."

"पक्कं?"

"मुली, तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करतोय."

तिने कन्हैयाच्या तबल्याला एक बारका माइक लावला. यंत्र त्याच्या थापा ऐकणार आणि त्याच्या मागे जाणार. पुढच्या तालमीत मी संथ लयीत एक फेरी वाजवली, मृणालने पकडली, मी हात उचलला. लहरा चालू राहिला. कन्हैया वाजवतोय, निशाताई नाचतायत, आणि मी पेटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलोय, सासुरवाडीला गेल्यासारखा.

लय वाढायची वेळ आली. वाढली नाही. उलट उतरायला लागली. आधी जराशी, मग कळण्याइतकी, मग चावी संपलेल्या खेळण्यासारखी. निशाताईंचे घुंगरू चिखलातून चालल्यासारखे वाजायला लागले. त्या थांबल्या.

"हे काय चाललंय? मी नाचू की झोपू?"

मी म्हटलं, "पंडत म्हातारा झालाय. हात उचलत नाही."

कन्हैया माझ्यावर उखडला. "मैं म्हातारा? मराठे, तेरा डब्बा भांग खाकर आया है!"

"माझा डबा नाही तो."

"आवाज तो तेरी ही है!"

मृणालने तपासलं. यंत्र बरोबर होतं. कन्हैया जाईल तिथे बिनतक्रार जात होतं.  मग तिने गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात पेटीचा माइक वेगळा होता आणि तबल्याचा वेगळा. तिने ते आपल्या जोडीतून काढलं, तशा पडद्यावर दोन रेघा आल्या. निळी रेघ माझी, लाल कन्हैयाची. लय वाढली की रेघ वर चढायची.

जिथे जिथे लय वाढली होती तिथे निळी आधी चढत होती. लाल मागून. एकदा नाही, दोनदा नाही. दरवेळी.

 मी म्हटलं, "रंग उलटे लावलेस तू."

"नाही, काका."

"मग माइक उलटे लावले होते."

"काका, ऐका ना." तिने नुसती निळी रेघ ऐकवली. माझीच पेटी. माझा भाता मला ओळखू येतो.

"मी हे मानत नाही. समोर वाजवून दाखवतो. बोट अडकेपर्यंत तरी वाजेल."

मी वाजवायला बसलो, कन्हैया बसला, रेघा चालू ठेवल्या. लय वाढवायची वेळ आली. कन्हैयाने मान उचलून बघितलं, आणि मी या वेळी मुद्दाम, दात आवळून, जागचा हललो नाही. म्हटलं, जा बाबा तू पुढे, मी येतो मागून.

कन्हैयाही गेला नाही. आम्ही दोघं तिथेच घुमत राहिलो. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी त्याने तबल्यावर हात आपटला. "अरे बढ़ ना! क्या देख रहा है?"

"तू वाढव! तबला तू वाजवतोस."

"तू नहीं बढ़ेगा तो मैं कैसे बढ़ूँगा?" तो असं म्हणाला, जसं कोणी म्हणेल की ताटात भात आल्याशिवाय वरण कुठे वाढणार. अगदी सहज. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "मराठे, मैं तो समझता था तुझे पता है."

मी पेटीचा भाता लावला आणि घरी निघून आलो.

त्यानंतर मी जेवत होतो, झोपत होतो, पण डोक्यात एकच. ज्या गोष्टीसाठी मी पोरांना पेटीवरून उठवलं, ती मी जन्मभर करत आलो? कन्हैया मागे आणि मी पुढे? कोणी म्हणेल, मास्तर, यात तुमचा मोठेपणाच आहे. मोठेपणा खड्ड्यात गेला! माणसाला आपण उजव्या हाताने जेवतो हे माहीत असतं. उद्या कोणी फोटो दाखवून म्हणालं की बघा, तुम्ही डाव्या हाताने जेवता, तर त्याला काय वाटेल? आणि त्या पोरांचे चेहरे आठवायचे. एकजण तर चांगला वाजवायचा. नंतर त्याने पेटी सोडून मोबाईलचं दुकान टाकलं. आता त्याला जाऊन काय सांगू?

चौथ्या की पाचव्या दिवशी निशाताई दारात. बसल्या नाहीत.

"मास्तर, कार्यक्रम जवळ आलाय. मशीन कन्हैयाजींच्या मागे जातं, कन्हैयाजी मशीनच्या मागे जातात. दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसलेत. मला माझे पाय हलायला हवेत. तुम्ही येताय, की मी रेकॉर्डिंग लावू?"

मी चपला घातल्या.

क्लासवर मृणालने जमिनीवर एक काळं पेडल ठेवलं होतं, शिलाई मशीनचं असतं तसं, पण छोटं. म्हणाली, तिने जोड बदललीय. लहरा आता तबल्याला धरून राहील, पण लय वर जाईल ती या पेडलवर दाब दिला तरच. "हे तुमच्या पायाखाली. बोट नाही लागणार."

मी दोन पावलं मागे सरलो. "पायाने? लहरा पायाने वाढवू? आमच्यात पेटीला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो."

"ही पेटी नाहीये, काका. स्विच आहे."

"त्यातून निघतं काय? माझा लहरा ना? मग मी पाय लावणार नाही."

मृणाल आईकडे बघायला लागली. निशाताई घुंगरू बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, मी आयुष्यभर पायानेच संगीत करतेय. तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

मी पेडलसमोर जाऊन बसलो. 

कन्हैया म्हणाला, "पहले नमस्ते कर ले पैडल को. फिर दबा."

तो चेष्टेत म्हणाला. मी खरंच केला. वाकून, हात लावून. 

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. मी नेहमीच्या जागी, कन्हैयाच्या डाव्या हाताला. डावा गुडघा उभा करून बसलो, म्हणजे पेडलवरचा पाय पेटीआड झाकला जाईल. मृणाल पडद्यामागे कॉम्प्युटर घेऊन. निशाताई आल्या, त्यांनी रंगमंचाला हात लावून कपाळी लावला, मग आमच्याकडे बघून मान हलवली.

संथ लय मी स्वतः धरली. चांगली धरली, हे मीच सांगतो. बोट शहाण्यासारखं वागलं. मग ठरलेल्या फेरीला मृणालने माझं आवर्तन पकडलं आणि पडद्याआडून हात वर केला. मी पट्ट्यांवरून हात उचलला.

लहरा वाजत राहिला. तालमीत इतक्या वेळा ऐकलं होतं, तरी भरल्या सभेत मी मान खाली घालून पेटीकडे बघितलं. माझा हात माझ्यासमोर रिकामा पडलाय आणि हात वाजतोय. पुढच्या रांगेतल्या कोणालाही काही वेगळं वाटलं नाही. लोकांची नजर निशाताईंवर होती, आणि तेच बरोबर होतं.

निशाताईंनी तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा, आणि समेवर टाळ्या पडल्या. आता लय वर जायची होती. त्यांनी एक पाय पुढे टाकून ठेवला आणि थांबल्या. लहरा तिथल्या तिथे घुमत होता, तबला तिथल्या तिथे.

कन्हैयाने मान उचलून माझ्याकडे बघितलं.

ती नजर मला पाठ होती. भुवई थोडी वर, हनुवटी थोडी खाली. हिलाच मी हुकूम समजत होतो. आज पहिल्यांदा नीट बघितली. त्या नजरेत हुकूम कुठे होता? हा माणूस मला विचारत होता. दरवेळी, दर कार्यक्रमात, हा मला विचारत आला होता, निघायचं का म्हणून. आणि मी उत्तर देत आलो होतो, मला ते ठाऊक नसताना. आता ठाऊक झालं होतं. म्हणून पाय जड झाला. न कळता केलेलं काम कळून करायचं म्हणजे काय असतं, ते मला त्या सतरंजीवर कळलं.

एक फेरी गेली. निशाताईंनी तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. कन्हैयाची भुवई तशीच वर.

मी त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि पाय दाबला.